नव्वद नंबर सगळीकडे चालत नाही

विश्रामबाग, सांगली इथून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देतो:

"मागच्या वर्षी सेकंडहँड निसान ३७० झेड ही स्पोर्ट्स कार घेतली. सहा गिअरची मॅन्युअल. दिवाळीआधी इथल्याच एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचं आणि मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) तेल बदलून घेतलं. मेकॅनिकने दोन्हीकडे एकच, जीएल-५ वर्गाचं नव्वद नंबर भरलं (जीएल हा गिअर तेलाचा वर्ग, नव्वद ही जाडीची ग्रेड). तेव्हापासून सकाळी दुसरा गिअर टाकताना खर्रर्र आवाज येतो, तिसराही मधूनच अडतो. गाडी तापली की जरा बरं. मेकॅनिक म्हणतो, जीएल-५ म्हणजे जीएल-४ च्या वरचं तेल, उलट चांगलंच की. पुण्याचा मित्र म्हणतो, डिफरन्शियलमध्ये ७५डब्ल्यू-१४० भर आणि वर एलएसडीचं (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, एकच चाक घसरून फिरत राहू न देणारं) ॲडिटिव्ह टाक, नाहीतर आंबा घाटात फजिती होईल. आधीच्या मालकाने गाडीला व्हिस्कस एलएसडी असल्याचं सांगितलं होतं. कुणाचं ऐकू? आणि गिअरबॉक्सची कायमची वाट लागली का?"

गिअरबॉक्समधलं तेल आधी काढून टाका, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. डिफरन्शियलमधलं तूर्त राहू द्या. तिथे मेकॅनिकच्या हातून फारसं काही बिघडलेलं नाही.

तुमच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला निसान सांगते ते तेल जीएल-४ वर्गाचं, ७५डब्ल्यू-८५ ग्रेडचं. कंपनीच्या बाटलीवर त्याचं नाव 'एमटीएफ एचक्यू मल्टी' असं असतं. मागच्या डिफरन्शियलला जीएल-५ वर्गाचं सिंथेटिक ७५डब्ल्यू-९०. वर्ग वेगळा, ग्रेडही वेगळी. एका बाटलीत दोन्ही कामं उरकायची सोय या गाडीत नाही.

मेकॅनिकवर मात्र डाफरू नका. आपल्याकडच्या गॅरेजात दिवसभर येतात त्या स्विफ्ट आणि वॅगन आर. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात बसवलेलं असतं आणि त्यातले गिअर समांतर शाफ्टवरचे असतात, त्यामुळे दोघांचं एका तेलावर भागतं. उरलेले दिवस जातात उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये. गळीत हंगामात तुम्ही दुकानात जाऊन "नव्वद नंबर द्या" म्हणालात तर दुकानदार कशासाठी हवंय तेसुद्धा विचारत नाही, डबा पुढे सरकवतो. हाताला लागलेली ती सवय तुमच्या गाडीला बाधली, इतकंच.

आता जीएल-५ 'वरचं' का नाही ते बघू. सुरुवात मागच्या बाजूने करावी लागेल. डिफरन्शियलमध्ये इंजिनाकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट पिनियन हा छोटा गिअर फिरवतो आणि पिनियन क्राऊन व्हील या मोठ्या गिअरला. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीने हायपॉइड गिअर आणले. त्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर न ठेवता खाली घेतला. शाफ्ट खाली आला, त्यामुळे गाडीची फरशीही खाली घेता आली. पण आता दात एकमेकांवर नुसते लोळेनात, लांबीच्या दिशेने घासत सरकायला लागले. एवढ्या दाबाखाली असं घासताना साध्या तेलाचा पडदा फाटतो आणि पोलाद पोलादाला भिडतं. त्यावर उपाय म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची रसायनं घालतात. दात जिथे जास्त तापतो तिथेच ती पोलादाशी संयोग पावतात आणि एक पातळ थर तयार करतात. झिजतो तो थर, दात वाचतो. डब्यावर जे 'ईपी' लिहिलेलं असतं ते याच रसायनांसाठी. जीएल-५ मध्ये त्यांचं प्रमाण जीएल-४ च्या साधारण दुप्पट. जीएल-५ चा डबा उघडल्यावर नाकाला झोंबणारा उग्र वास येतो तो त्यांचाच.

गिअरबॉक्सचं दुखणं निराळं आहे. तिथे हायपॉइड गिअर नाहीत, पण सिंक्रो आहेत. गिअर बदलताना जो गिअर टाकायचा त्याचा वेग आणि शाफ्टचा वेग आधी जुळायला हवा. धावत्या एसटीत चढणारा माणूस आधी चार पावलं बसच्या वेगाने पळतो आणि मग दांडा धरतो. ती चार पावलं पळायचं काम सिंक्रोची रिंग करते. शंकूच्या आकाराची ही रिंग समोरच्या शंकूवर दाबली जाते आणि घर्षणाने दोघांचा वेग एक करते. घर्षणाने, हा मुद्दा धरून ठेवा. गिअरबॉक्सच्या तेलाने दातांना वंगण तर द्यायचंच, पण त्या रिंगेला घसरू मात्र द्यायचं नाही. जीएल-५ मधली दुप्पट रसायनं शंकूवरही आपला निसरडा थर बसवतात. रिंग घसरते, वेग जुळायच्या आत गिअर जोडणारी स्लीव्ह पुढे जाते आणि दातांवर दात आपटतात. तुमचा खर्रर्र तो हाच.

मग गिअरबॉक्सची वाट लागली का? मला तसं वाटत नाही. सक्रिय गंधक तापलं की पितळ आणि कांसं खातं हे खरं, आणि सिंक्रोच्या रिंगा बऱ्याचदा पितळी असतात हेही खरं. पण आजच्या चांगल्या जीएल-५ तेलाला तांब्याच्या पट्टीची चाचणी द्यावी लागते, म्हणून दोन-चार महिन्यांत रिंगा विरघळल्याच्या गोष्टी तुम्ही मनावर घेऊ नका. सुबारू तर आपल्या मॅन्युअल गिअरबॉक्सला स्वतःच जीएल-५, ७५डब्ल्यू-९० सांगते, कारण तिचं पुढचं हायपॉइड डिफरन्शियल त्याच पेटीत असतं आणि सिंक्रो त्या तेलाला धरूनच बनवलेले असतात. तुमचे तसे बनवलेले नाहीत. रिंगांचं खरं नुकसान तेलापेक्षा खर्रर्र झाल्यावरही गिअर रेटण्याने होतं. तेव्हा तेल बदलेपर्यंत सकाळी दुसरा टाकताना न्यूट्रलवर क्षणभर थांबा आणि मग लिव्हर हलकेच दुसऱ्यात घ्या. चौकात मागच्याने हॉर्न मारला तर मारू द्या.

बाजारात काही बाटल्यांवर 'जीएल-४/जीएल-५' असं दोन्ही छापलेलं दिसेल. या गिअरबॉक्ससाठी मी ती घेणार नाही. जिच्यावर फक्त जीएल-४ लिहिलंय ती घ्या.

आकड्यांचा घोळ निस्तरू. नव्वद म्हणजे इंजिनाच्या चाळीसच्या दुप्पट जाड, असं आपल्याकडे सर्रास समजतात. गिअर तेलाची मोजपट्टीच वेगळी आहे. १०० अंश सेल्सिअसला गिअर तेलाचा ९० ग्रेड बसतो १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक्समध्ये (हे तेलाच्या जाडीचं माप), आणि इंजिन तेलाचा ४० ग्रेड १२.५ ते १६.३ मध्ये. म्हणजे दोघं जवळपास भाऊभाऊच. तुम्हाला हवा तो ८५ ग्रेड ११ ते १३.५ मध्ये येतो, नव्वदच्या एक पायरी खाली.

'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीचा. ७५डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे ४० अंशांना होते, ८०डब्ल्यूची उणे २६ ला, ८५डब्ल्यूची उणे १२ ला. सांगलीला उणे काहीच नसतं, मग ७५ चा हट्ट कशाला, असं कुणी विचारेल. जानेवारीत पहाटे पारा दहा-बाराला आला की साधं, एकाच ग्रेडचं नव्वद चांगलंच दाट होतं. ते दाट तेल शंकू आणि रिंगेच्या मधून पटकन बाहेर पडत नाही, रिंगेची पकड उशिरा बसते. ७५डब्ल्यू सिंथेटिक त्याच पहाटे कितीतरी मोकळं वाहतं. गाडी तापल्यावर तुम्हाला बरं वाटतं त्याचा अर्थ एवढाच की जाडीचा त्रास तापल्यावर संपतो. निसरडेपणाचा संपत नाही, म्हणून तिसरा नंतरही अडतो. तुमच्याकडे एकाच वेळी दोन्ही चुका भरल्या गेल्यात, वर्गाची आणि ग्रेडची.

तेल आणायच्या आधी मात्र एक गोष्ट तपासा, कारण तेलाच्या नावावर खपवला जाणारा दोष कधी कधी क्लचचा निघतो. या गाडीचा क्लच स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारा सिलिंडर, बाहेर नसतो. तो बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या आवरणाच्या आत, शाफ्टभोवती बसवलेला असतो, आणि या गाडीचा तो ठाऊक असलेला कच्चा दुवा आहे. आत उष्णता भरपूर, सिलिंडर गळायला लागतो, पेडल खाली राहतं किंवा क्लच पूर्ण सुटत नाही. सपाट जागी गाडी उभी करा. इंजिन बंद असताना पहिला, दुसरा, रिव्हर्स असे गिअर टाकून बघा. मग इंजिन सुरू करून, क्लच पूर्ण दाबून तेच करा. बंद असताना लोण्यासारखे पडणारे गिअर सुरू असताना जड गेले, किंवा क्लच दाबलेला असताना पहिला टाकताच गाडी पुढे सरकू पाहायला लागली, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. उभ्या गाडीत सगळं ठीक आणि चालताना दुसऱ्या-तिसऱ्यालाच खर्रर्र, तर सिंक्रो आणि तेल. बॉनेटखालच्या क्लचच्या डबीतही डोकावून बघा. त्यातला द्रव काळा झालेला असेल तर तो बदलून घ्यायचाच, मग निकाल काहीही लागो.

शिवाय तुमच्या गाडीत 'एस मोड'चं बटण असेल तर ते बंद करून ही सगळी पारख करा. ती यंत्रणा खालच्या गिअरला येताना इंजिनाचा वेग आपणहून चढवून देते, सिंक्रोवरचा बोजा हलका होतो आणि दोष झाकला जातो.

आता पुण्याचे मित्र. ७५डब्ल्यू-१४० वाईट तेल नाही, पण १४० म्हणजे १०० अंशांना २४ ते ३२.५ सेंटीस्टोक्स. डिफरन्शियल इतकं तापलं की नव्वद पाण्यासारखं व्हायला लागलं, तरच त्या जाडीची गरज पडते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर दिवसभर फेऱ्या मारणार असाल तर मित्राचं ऐका. कोल्हापूरला जेवायला जाऊन यायचं आणि महिन्यातून एकदा आंबा घाट किंवा पसरणी घाट, एवढ्यासाठी ते ओझंच आहे. जाड तेल घुसळायलाही ताकद लागते, ती पेट्रोलमधूनच येते. आणि जाड तेलाचा एक गैरफायदा घेतला जातो: घोंगावणारं डिफरन्शियल त्याने काही दिवस गप्प होतं. गाडी विकायच्या आधी असं भरून देणारे महाभाग आहेत. तुमच्या गाडीत आधी काय भरलेलं होतं ते माहीत नसेल, तर नवीन ७५डब्ल्यू-९० घातल्यावर कान उघडे ठेवा. ॲक्सिलरेटर दिल्यावर आणि सोडल्यावर घोंगावणं बदलत असेल तर ते दात किंवा पिनियनच्या बेअरिंगचं काम, तेलाने बरं होणार नाही.

ॲडिटिव्ह तर आणूच नका. एलएसडीचे प्रकार असतात. ज्यात एकावर एक क्लच प्लेटा रचलेल्या असतात, त्या प्लेटा हळू वळताना चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात आणि मागून दडदड येते. ते शमवायला फ्रिक्शन मॉडिफायर लागतो. तो आधीच मिसळलेल्या तेलावर 'एलएस' छापलेलं असतं. तुमचा व्हिस्कस. त्यात प्लेटा असतात, पण त्या एका सीलबंद डब्यात सिलिकॉनच्या घट्ट द्रवात बुडालेल्या असतात. बाहेरच्या गिअर तेलाचा त्यांच्याशी संबंधच येत नाही, तुम्ही त्या तेलात काहीही ओता. वर्षांनुवर्षं वापरून आतलं सिलिकॉन मवाळ झालं, तर पावसात निसरड्या वळणावर एकच मागचं चाक फिरत राहतं. तसं झालं तर ते युनिटच बदलावं लागतं. बाटलीतून तो इलाज होत नाही.

आता प्रत्यक्ष कामाचं. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा, कोमट तेल तळाची घाण घेऊन उतरतं. लिफ्टवर किंवा चार स्टँडवर गाडी सपाट पाहिजे, नाक वर केलेली नाही. बंपर एवढा खाली आहे की साधा जॅक आत जाण्याआधी चाकाखाली फळ्या टाकाव्या लागतील. ते तुम्हाला माहीतच असणार, सांगलीचे स्पीडब्रेकर ओलांडताय म्हणजे. मेकॅनिकला एक गोष्ट ठासून सांगा: आधी वरचा फिलर प्लग सोडायचा, मगच खालचा ड्रेन प्लग. तेल उतरून गेलं आणि मग वरचा प्लग जाम निघाला, की गाडी तेलाविना लिफ्टवर अडकून बसते. वायसर दोन्हीकडे नवीन. गिअरबॉक्सला तेल लागतं तीन लिटरच्या आत, डिफरन्शियलला दीड लिटरच्या आसपास. पण बाटलीकडे बघून भरायचं नाही, हातपंपाने फिलरच्या भोकातून बारीक धार बाहेर यायला लागेपर्यंत भरायचं.

ड्रेन प्लगच्या टोकाला लोहचुंबक असतं. त्यावर जमलेली करडी पेस्ट दोन बोटांत घेऊन चोळा. मऊ, लोण्यासारखी पसरली तर ती रोजची झीज आहे, पुसून टाका. बोटाला कण टोचले तर काळजी. पत्र्याच्या चकतीसारखे पापुद्रे किंवा दाताचा तुकडा निघाला तर तेल भरूच नका, पेटी खोलायची वेळ आली आहे. गिअरबॉक्सच्या जुन्या तेलात सोनेरी चमक दिसली तर ती रिंगांची. थोडी चमक असणारच, तेल सोनेरी रंगासारखंच दिसायला लागलं तर मला कळवा.

आणखी एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण सांगली म्हटल्यावर मला विचारावाच लागतो. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत ही गाडी कुठे उभी होती? डिफरन्शियलच्या वर हवा ये-जा करायला एक छोटा ब्रीदर असतो. तापलेलं हाउसिंग पुराच्या गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बाहेरून धुऊनपुसून गाडी लख्ख होते, तेल मात्र आत दुधाळ, चहासारखं होऊन बसतं आणि बेअरिंगना गंज चढतो. तेल नुकतंच बदललंत तेव्हा जुन्याचा रंग कुणी पाहिला होता का ते गॅरेजमध्ये विचारा. दुधाळ होतं असं कळलं, तर डिफरन्शियलबाबत वर जे म्हणालो ते मागे घेतो. तेही आत्ताच काढा, भरा, आणि हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदला. ब्रीदर मातीने बुजलेला नाही ना तेही बघा. तो बुजला की तापलेली हवा सीलमधून वाट काढते, मागून तेल झिरपायला लागतं आणि लोक उगाच सील बदलत बसतात.

पुराची भानगड नसेल, तर डिफरन्शियलमधलं सध्याचं तेल पुढच्या सर्व्हिसपर्यंत चालवा आणि मग सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० घाला. त्यापुढे दोन्हीकडचं तेल चाळीस हजार किलोमीटर किंवा तीन-चार वर्षं, जे आधी होईल ते. तुमची गाडी वर्षाला जेमतेम फिरत असणार, तेव्हा कॅलेंडरच आधी येईल.

निसान ही गाडी आता भारतात विकत नाही, त्यामुळे कंपनीची बाटली सांगलीत काउंटरवर मिळेल अशी आशा ठेवू नका. पुण्या-मुंबईहून मागवा, सीलबंद असल्याची खात्री करून. वाट बघायची नसेल तर रेडलाईनचं एमटी-८५ चालेल, ते जीएल-४ आणि ७५डब्ल्यू-८५ आहे. वर्ग आणि ग्रेड जुळल्यावर ब्रँडवरून भांडण्यात मला रस नाही. याच गाडीची सात गिअरची ऑटोमॅटिक कुणाकडे असेल, तर त्यांनी या उत्तरातलं गिअरबॉक्सबद्दलचं काहीही वापरू नये. तिला मॅटिक-एस नावाचं वेगळंच तेल लागतं.

नवीन तेल घातल्यावर पहिल्याच दिवशी निकाल मागू नका. शंकूवर बसलेला जुना थर उतरायला काही शे किलोमीटर लागतात. हजारभर झाल्यावरही फक्त दुसराच खरखरत असेल, तर त्याची रिंग झिजलेली आहे असं धरा आणि गिअरबॉक्स उतरवायची तयारी करा. तो खाली आलाच आहे, तर स्लेव्ह सिलिंडर आणि क्लच प्लेट त्याच मजुरीत बदलून घ्या. त्यांच्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा खर्च तुम्हाला परवडेल, मेकॅनिकच्या कमरेला परवडणार नाही.